मयताच्या पैशातून उभी राहिलेली इमारत : लिव्हरपूलची रॉयल लायव्हर बिल्डिंग



पडद्यावरचं चित्र आधी नीट बघून घ्या, मग बोलू. पुढे मर्सी नदी. पलीकडच्या काठावर लिव्हरपूल शहर. काठावर तीन मोठ्या इमारती ओळीने उभ्या आहेत, त्यातली डावीकडची बघा. करड्या दगडाची थोराड इमारत, तिच्यावर दोन मनोरे, मनोऱ्यांवर घड्याळं, आणि घड्याळांच्याही वर, शेंड्यावर, पंख पसरून उभा असलेला एकेक पक्षी. हेच चित्र मी मागे एका वर्गात दाखवलं होतं आणि विचारलं होतं, ही कसली इमारत असेल? चर्च, महापालिका, रेल्वे स्टेशन अशी उत्तरं आली. स्टेशन म्हणणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही. आपण सीएसएमटी बघत वाढलेली माणसं. पण ही इमारत म्हणजे ऑफिस आहे. कारकुनांनी खाली माना घालून हिशेब लिहायचं ऑफिस. आणि तेही कसलं, तर गरिबांच्या अंत्यविधीचे पैसे सांभाळणाऱ्या संस्थेचं.

आधी एक उच्चाराची गोष्ट. शहर लिव्हरपूल, पण इमारत 'लायव्हर'. पक्षीही लायव्हर बर्ड. त्याचा यकृताशी संबंध नाही. (हशा) हा पक्षी शहराच्या मध्ययुगीन शिक्क्यावरून आलाय. मूळचा तो बहुधा गरुड, सेंट जॉनचं चिन्ह, पण शिक्का कोरणाऱ्याचा हात असा की पुढच्या लोकांना तो गरुड वाटेना. मग कुणी पाणकावळा म्हणालं, कुणी आणखी काही. शेवटी लोकांनी त्याला स्वतःचंच नाव दिलं.

आज मी या इमारतीचं कौतुक करायला उभा नाही. माहितीपत्रकात कौतुक भरपूर असतं. तिच्यावर दोन आरोप आहेत, ते आज तपासायचे आहेत. पहिला: ही इमारत खोटी आहे, आतून काँक्रीट आणि वरून दगडाचा आव. दुसरा: हे मनोरे निव्वळ जाहिरात आहेत. दुसरा आरोप करणारा माणूस साधासुधा नव्हता. चार्ल्स रायली, 1904 पासून 1933 पर्यंत लिव्हरपूलच्या वास्तुकला विद्यालयाचे प्रमुख, इंग्लंडमध्ये वास्तुकलेचं शिक्षण बदलून टाकणारा प्राध्यापक. त्यांनी 1921 मध्ये आपल्याच शहरातल्या इमारतींवर लिहिताना या मनोऱ्यांना अनावश्यक ठरवलं, आणि जाहिरातीच्या ताकदीखेरीज ते कशाचंच प्रतीक नाहीत अशा अर्थाचा शेरा मारला. शेरा झणझणीत आहे आणि शंभर वर्षं टिकलाय. त्यामुळे तो गांभीर्याने घ्यायला हवा.

पण आधी जागा.

ही इमारत जिथे उभी आहे तिथे पूर्वी पाणी होतं. 1771 मध्ये तिथे जॉर्जेस डॉक नावाची गोदी सुरू झाली. हे साल लक्षात ठेवा. त्या काळात लिव्हरपूल हे गुलामांच्या व्यापारातलं इंग्लंडचं सगळ्यात मोठं बंदर होत होतं. 1807 मध्ये कायद्याने तो व्यापार बंद होईपर्यंत या शहराची श्रीमंती त्यावर पोसली. मग कापूस आला. अमेरिकेचा कापूस आणि, अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर 1861 ते 65 या काळात, आपल्याकडचा कापूस. मुंबईत त्या चार-पाच वर्षांत पैशाचा जो पूर आला तो लिव्हरपूलच्या बाजारातून आलेला होता. प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला आपला राजाबाई टॉवर त्याच पुराची खूण. म्हणजे मर्सीकाठचं घड्याळ आणि ओव्हल मैदानावरून दिसणारं घड्याळ यांच्यात एक जुना हिशेब आहे. असो. जहाजं मोठी झाली, जॉर्जेस डॉक लहान पडला, आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर तो बुजवण्यात आला. शहराच्या ऐन दारात, नदीला लागून, एक मोकळी जमीन तयार झाली.

तिथे काय बांधायचं? तीन इमारती झाल्या. 1907 मध्ये गोदी चालवणाऱ्या मंडळाची, घुमट असलेली. 1914 ते 17 मध्ये क्युनार्ड या जहाज कंपनीची, इटालियन राजवाड्याच्या धाटणीची. आणि या दोन्हींच्या दरम्यानच्या काळात, 1908 ते 1911, आपली ही. हल्ली तिघींना मिळून 'थ्री ग्रेसेस' म्हणतात. नाव अलीकडचं आहे आणि जरा दिशाभूल करणारं आहे, कारण त्यावरून कुणीतरी तीन बहिणी जोडीने घडवल्यासारखं वाटतं. तसं काही नव्हतं. बाकीच्या दोघी पांढऱ्या पोर्टलँड दगडाच्या, शिस्तीतल्या, आपला वंश सांगणाऱ्या. ही तिसरी करड्या ग्रॅनाइटची, दोघींपेक्षा कितीतरी उंच, आणि हिचं घराणं कोणतं ते सांगता येत नाही. थोडं बरोक, थोडं बायझंटाइन, थोडं अमेरिकन. मला ही गोष्ट दोष वाटत नाही. उलट, ही इमारत कुणाची होती हे कळलं की ती तशी का दिसते हे कळतं.

कुणाची होती? 1850 मध्ये लिव्हरपूलच्या 'लायव्हर' नावाच्या एका दारूच्या गुत्त्यात काही कामकरी माणसांनी एक मंडळ काढलं. उद्देश एकच. माणूस मेला की त्याला नीट पुरता यावं. आपल्याकडे चाळीत, युनियनमध्ये, ज्ञातीच्या मंडळात 'मयत फंड' असायचा, काही ठिकाणी अजून असतो, अगदी तोच प्रकार. दर आठवड्याला एक पेनी, दोन पेन्या द्यायच्या. त्या काळच्या इंग्लंडमध्ये पैसे नसलेल्याला 'पॉपर'चा अंत्यविधी मिळे. सरकारी खर्चाने, नाव नसलेल्या सामायिक खड्ड्यात. गरिबाला मरणाची जेवढी भीती होती तेवढीच या खड्ड्याची होती. पोटाला चिमटा घेऊन लोक हा हप्ता भरत. घरातलं भाडं थकलं तरी चालेल, हा हप्ता चुकायला नको.

कारण हप्ता चुकला तर? बऱ्याचदा आधीचे भरलेले पैसेही गेले. हे या व्यवसायाचं काळं अंग आहे आणि ते सांगितल्याशिवाय या इमारतीबद्दल बोलणं मला अप्रामाणिक वाटतं. दारोदार फिरून पेन्या गोळा करायला माणसं लागत, त्यांचं कमिशन लागे. त्यामुळे अशा सगळ्याच संस्थांमध्ये जमा पैशाचा मोठा हिस्सा तो जमा करण्यातच खर्च होई. ही टीका त्या काळातही होत होती. दुसरीकडे हेही खरं, की दारात येणारा तो माणूस नसता तर ती पेनी शनिवारी रात्रीपर्यंत घरात टिकली नसती. गिरणगावातल्या बाया नवऱ्याचा पगार गुत्त्यावर जायच्या आधी भिशीत टाकायच्या, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

या पेन्यांची रक्कम पन्नास-साठ वर्षांत केवढी झाली? संस्थेकडे सुमारे 6,000 माणसं कामाला होती. जुनी जागा पुरेना. आणि संस्थेने ठरवलं, शहरातली सगळ्यात दर्शनी जागा घ्यायची आणि तिथे बांधायचं.

इथे थांबून मला तुम्हाला प्रश्न विचारावासा वाटतो. मयत फंडाने राजवाडा बांधावा का? ज्या बाईने पेनी दिली तिला कुणी विचारलं का, बाई, तुझ्या पैशातून आम्ही ग्रॅनाइट लावू का? रायलींचा आरोप आपण सौंदर्याचा म्हणून वाचतो, पण त्याच्या मुळाशी हा पैशाचा प्रश्न आहे. याच्याकडे परत येऊ.

आता पहिला आरोप, खोटेपणाचा.

वास्तुविशारद वॉल्टर ऑब्री थॉमस, लिव्हरपूलमध्येच काम करणारा माणूस. राजधानीत नाव नसलेला, पण नव्या तंत्राची भूक असलेला. याच जागेसमोर, रस्त्यापलीकडे, त्याने त्याच सुमारास टॉवर बिल्डिंग नावाची ऑफिसची इमारत पोलादी सांगाड्यावर उभी केली होती. इथे त्याने पोलादी सांगाडा न घेता दुसरा मार्ग धरला. फ्रान्सच्या फ्रांस्वा हेनेबीकची पद्धत, जिचं पेटंट 1892 चं. म्हणजे काय, तर आपला बिल्डर जिला 'आरसीसी फ्रेम' म्हणतो ती.

काँक्रीटला दाबा, ते हूं की चूं करत नाही. ओढा किंवा वाकवा, तडकतं. लोखंडी सळीला ओढ सोसते. तर जिथे ओढ पडणार तिथे, म्हणजे साध्या बीमच्या पोटात, सळ्या घालायच्या. इथपर्यंत हेनेबीकच्या आधीही लोक पोचले होते. त्याची करामत पुढे आहे. कॉलम, बीम आणि स्लॅब ही तीन वेगळी अंगं न राहता त्याने ती सळ्यांनी एकमेकांत गुंफली आणि एकजीव ओतली. अख्खा सांगाडा म्हणजे एकच वस्तू. दुसरी करामत धंद्याची. तो स्वतः ठेकेदारी करण्यापेक्षा परवाने देई, हिशेब आणि नकाशे आपल्या कचेरीतून पुरवी, आणि देशोदेशी एजंट नेमी. ब्रिटनमधला एजंट मुशेल. त्यांनी 1897 मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे एक पिठाची गिरणी, वीव्हर मिल, या पद्धतीने बांधली. ब्रिटनमधली आरसीसीची ती पहिली इमारत मानतात. तिथून अकरा वर्षांत हे तंत्र पिठाच्या गिरणीतून थेट शहराच्या दर्शनी ऑफिसात आलं. अकरा वर्षं म्हणजे काहीच नाही. आपल्याकडे एखाद्या उड्डाणपुलाला लागतात. (हशा)

पायाचा दगड 11 मे 1908 ला, उद्घाटन 19 जुलै 1911 ला. तीन वर्षं आणि दोन महिने. पक्ष्यांच्या डोक्यापर्यंत उंची सुमारे 98 मीटर, म्हणजे साधारण 322 फूट. राजाबाई टॉवर 280 फुटांच्या आसपास आहे, पण तो नुसता मनोरा. इथे खाली तेरा मजली ऑफिस आहे. ब्रिटनमध्ये मजल्यांच्या इमारतींत ही 1961 पर्यंत सगळ्यात उंच राहिली. काही ठिकाणी 'जगातली पहिली काँक्रीटची गगनचुंबी इमारत' असं लिहिलेलं सापडतं, ते सोडून द्या. अमेरिकेत सिनसिनाटीला सोळा मजली इंगल्स बिल्डिंग 1903 मध्ये झाली होती. पहिलेपणाचा हव्यास धरला की इमारत बघायची राहून जाते.

मग या काँक्रीटवर ग्रॅनाइट चढवला. खालचे मजले बघा. मोठमोठे दगडी ठोकळे, खोल कोनाड्यात बसवल्यासारख्या खिडक्या, जणू सगळा भार ही भिंतच पेलतेय. ती काही पेलत नाही. ती सांगाड्याच्या अंगावर घातलेली आहे. विसाव्या शतकातल्या आधुनिक मंडळींनी याला खोटेपणा म्हटलं, आणि त्यांच्याकडे पुरावा फार जवळ होता. इथून चार-पाच मिनिटं चालत गेलं की वॉटर स्ट्रीटवर ओरिएल चेंबर्स नावाची ऑफिसची इमारत आहे. पीटर एलिस नावाच्या वास्तुविशारदाने ती 1864 मध्ये बांधली. लोखंडी सांगाडा, आणि बाहेर काय, तर खिडक्याच खिडक्या. दगडाच्या बारीक पट्ट्यांमधून बाहेर फुगलेल्या काचा. कारकुनाच्या टेबलावर उजेड पडावा हा एकच विचार. आजच्या डोळ्यांना ती शंभर वर्षं पुढची वाटते. तेव्हाच्या समीक्षकांनी तिची इतकी टर उडवली की एलिसच्या हातून पुढे फारसं बांधकाम झालंच नाही.

थॉमसला ती इमारत ठाऊक नसणं शक्य नाही. रोजच्या वाटेवरची. आणि एलिसचं काय झालं तेही ठाऊक असणार. म्हणून त्याने दगड घातला असेल का? मनातलं कुणी सांगावं. मला दिसतं ते एवढंच, की ज्या सांगाड्याने भिंत मोकळी झाली होती त्या सांगाड्याचा फायदा थॉमसने आत बसणाऱ्याला पुरता दिला नाही. ओरिएल चेंबर्समधल्या कारकुनाला जो उजेड चव्वेचाळीस वर्षं आधी मिळाला, तो इथल्या कारकुनाच्या वाट्याला तेवढा आला नाही. या इमारतीवरची माझी सगळ्यात मोठी तक्रार ही आहे. दगड घातला ही तक्रार नाही. धुराच्या, खाऱ्या वाऱ्याच्या त्या काठावर ग्रॅनाइट हे शहाणपणच होतं.

आणि काँक्रीट लपलंय असं तरी कसं म्हणायचं? नजर वर न्या. एकावर एक, आत आत सरकत जाणारे टप्पे, त्यांच्यावर मनोरे, मनोऱ्यांवर आणखी छोटे घुमट. हे सगळं खालच्या ऑफिसच्या मजल्यांच्या डोक्यावर बसलंय. भरीव दगडात हे करायचं तर खाली केवढ्या जाडीच्या भिंती लागल्या असत्या, याचा अंदाज करा. तळमजल्यावर ऑफिसला जागाच उरली नसती. म्हणजे कातडी जुनी, पण हाडं नवी असल्याशिवाय ही आकृती उभीच राहिली नसती. खोटेपणाचा आरोप मी अर्धा मान्य करतो.

आता रायली. मनोरे.

नदीकडच्या मनोऱ्यावर घड्याळाच्या तीन तबकड्या आहेत, शहराकडच्या मनोऱ्यावर एक. प्रत्येक तबकडी 25 फूट व्यासाची, लंडनच्या बिग बेनच्या घड्याळापेक्षा मोठी. मिनिटकाटा 14 फुटांचा. वर चढवण्याआधी यातल्या एका तबकडीचं टेबल करून चाळीसच्या आसपास पाहुण्यांना जेवण दिलं होतं. हे जेवण मला फार बोलकं वाटतं. मयत फंडाचे संचालक घड्याळावर जेवतायत. त्यात कसलाही संकोच नाही. पैसा नवा आहे आणि त्याला दिसायचंय.

घड्याळ सुरू केलं 22 जून 1911 ला दुपारी 1 वाजून 40 मिनिटांनी. राजा पाचव्या जॉर्जच्या डोक्यावर लंडनमध्ये मुकुट ठेवला गेला तो नेमका क्षण. म्हणून या घड्याळांना 'जॉर्ज' नाव पडलं. आता त्याच उन्हाळ्यात त्याच काठावर काय चाललं होतं ते ऐका. जूनच्या मध्यापासून जहाजांवरचे खलाशी संपावर गेले होते. मग गोदी कामगार, मग रेल्वेचे लोक, मग सगळं शहर. पुढारी टॉम मॅन. 13 ऑगस्टच्या रविवारी सेंट जॉर्जेस हॉलसमोर जमलेल्या प्रचंड सभेवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्या दिवसाला लिव्हरपूलमध्ये आजही 'ब्लडी संडे' म्हणतात. दोन दिवसांनी सैनिकांच्या गोळ्यांनी दोन माणसं मेली. मर्सीत युद्धनौका आणून उभी केली होती. इमारतीचं उद्घाटन होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. राजाच्या मुकुटाच्या क्षणाला लावलेलं घड्याळ, आणि त्याच्या समोर ठप्प झालेली गोदी. या इमारतीत पेन्या भरणारे कोण होते? बहुतेक याच गोदीतली, याच गल्ल्यांतली माणसं. माहितीपत्रकात राज्याभिषेक असतो, संप नसतो.

तर मग हे मनोरे जाहिरात आहेत का? आहेतच. रायलींचं निरीक्षण बरोबर आहे. समोरच्या धक्क्यावरून अमेरिकेची बोट सुटे, आणि काठ दिसेनासा होईपर्यंत संस्थेचा पक्षी दिसत राही. याहून मोठा फलक पैसे देऊन मिळत नाही. पण 'जाहिरात' म्हटलं की विषय संपला असं त्यांना वाटलं, तिथे माझं त्यांच्याशी जमत नाही. ही संस्था विकत काय होती? साबण नव्हे. 'तू मरशील तेव्हा आम्ही असू', एवढंच ती विकत होती. तीस-चाळीस वर्षांनी पाळायचा शब्द. आणि कर्जात बुडालेली, पळून गेलेली, मोडलेली मंडळं त्या बाईने आयुष्यात पाहिलेली असायची. तिला ताळेबंद वाचता येत नव्हता. मनोरा वाचता येत होता. ही संस्था कुठे पळून जाणार नाही हे तिला घराच्या खिडकीतून, धक्क्यावरून, फेरीबोटीतून दिसत होतं. शेजारच्या जहाज कंपनीला राजवाडा शोभतो आणि मयत फंडाला शोभत नाही, असं जर रायलींच्या मनात कुठे असेल, तर ते मत वास्तुकलेचं नव्हे, वर्गाचं आहे.

घड्याळाबद्दलही तेच. गोदीत रोजंदारी होती. ठरल्या वेळेला धक्क्यावर हजर असलात तर काम, नाहीतर त्या वेळचा रोज बुडाला. मनगटावर घड्याळ कुणाकडे? नदीकडे तोंड करून लावलेल्या तीन तबकड्यांचा उपयोग संचालकांना नव्हता.

तरी मघाचा प्रश्न शिल्लक राहतो. तिला विचारलं का? नाही विचारलं. मी ही इमारत बाहेरून पुष्कळदा हिंडून पाहिली, दर्शनी भागावर ज्यांच्या पेन्यांतून हे झालं त्यांची एकही खूण मला दिसली नाही. सभासदांच्या नावाने काही आलं ते थेट 1953 मध्ये. दोन महायुद्धांत गेलेल्या सभासदांचं स्मारक म्हणून घड्याळाला इलेक्ट्रॉनिक घंटानाद जोडला. चाळीस वर्षं मुकं असलेलं घड्याळ मेलेल्यांसाठी वाजायला लागलं. मयत फंडाच्या इमारतीला हे उशिरा का होईना शोभून दिसतं.

आणखी एका माणसाची खूण नव्हती. पक्षी घडवणाऱ्याची.

हे पक्षी तांब्याचे आहेत, साधारण 18 फूट उंच. एक नदीकडे बघतो, एक शहराकडे. ते उडून गेले तर शहर बुडेल असं लिव्हरपूलचे लोक सांगतात. नावंही ठेवलीत, बेला आणि बर्टी. बेला समुद्राकडे बघते, माणसं सुखरूप येतायत का म्हणून. बर्टी शहराकडे बघतो, गुत्ते उघडलेत का म्हणून. (हशा) यांचा आराखडा कार्ल बर्नार्ड बार्टेल्सचा. जन्म जर्मनीतला, लाकडावर कोरीव काम करणारा, तरुणपणी इंग्लंडला येऊन स्थायिक झालेला. स्पर्धेत त्याचा आराखडा निवडला गेला. तीन वर्षांत पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि हा 'शत्रू देशाचा नागरिक' म्हणून आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबला गेला. युद्ध संपल्यावर त्याला जर्मनीला पाठवून दिलं. बायको-मुलं इंग्लंडात. काही वर्षांनी तो परत येऊ शकला, आणि दुसऱ्या महायुद्धात याच देशातल्या जखमी सैनिकांसाठी कृत्रिम हातपाय बनवत होता. 1955 मध्ये गेला. शहराने त्याचा मरणोत्तर नागरी सन्मान केला 2011 मध्ये. शहराचं रक्षण करणारे पक्षी ज्याने केले त्याला त्या शहराच्या देशाने परका ठरवलं, आणि हे पक्षी मात्र त्या सगळ्या काळात तिथेच होते. 1941 च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बनी आसपासचा भाग उद्ध्वस्त झाला तेव्हाही.

2011 मध्येच आणखी एक गोष्ट झाली. इमारतीला शंभर वर्षं भरली त्याच जुलै महिन्यात रॉयल लायव्हर ही संस्था रॉयल लंडन या दुसऱ्या विमा संस्थेत विलीन झाली. 'आम्ही असू' म्हणणारी संस्था गेली. शब्द पुढच्या संस्थेने पाळला असेल, पण मनोऱ्याखाली ती नाही. 2017 मध्ये इमारत सुमारे 4.8 कोटी पौंडांना विकली गेली. घेणाऱ्यांपैकी एक फरहाद मोशिरी, तेव्हाचे एव्हर्टन फुटबॉल क्लबचे मालक. क्लबची ऑफिसंही इथे आली.

आणि इथे गोष्ट अशी वळण घेते की मी ती रचून सांगितली असती तर तुम्ही विश्वास ठेवला नसता. 2004 मध्ये लिव्हरपूलचा हा काठ युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला होता. नंतर उत्तरेच्या जुन्या गोद्यांमध्ये मोठे प्रकल्प आले, 2012 मध्ये युनेस्कोने धोक्याच्या यादीत टाकलं, आणि 21 जुलै 2021 ला नाव काढून टाकलं. जगात अशी ही तिसरीच जागा. ओमानचं एक अभयारण्य आणि जर्मनीतली ड्रेस्डेनची नदी-खोरं, एवढीच दोन नावं त्याआधी निघाली होती. युनेस्कोच्या तक्रारीत काय होतं? उंच इमारतींचे प्रकल्प, आणि ब्रॅमली-मूर डॉक नावाची जुनी गोदी भराव टाकून बुजवून तिथे होणारं फुटबॉलचं मैदान. मैदान कुणाचं? एव्हर्टनचं.

आता जोडा. जुनी गोदी बुजवली, तिच्यावर आधीच्या सगळ्यांपेक्षा उंच, कुठल्याच घराण्यात न बसणारी इमारत बांधली, म्हणून शहराचं रूप बिघडलं. हा 1908 चा आरोप आहे की 2021 चा? ज्या इमारतीसाठी वारशाचा दर्जा मिळाला, ती स्वतः याच पद्धतीने आलेली. आज तिचा प्रस्ताव आला असता तर वारसा समितीनेच नामंजूर केला असता.

यावरून कुणी म्हणेल, मग बांधू द्या काय ते. नाही. मला तसं म्हणायचं नाही. याच इमारतीसमोर काठावर एक फेरीबोटीचं टर्मिनल झालंय. 2009 मध्ये त्याला ब्रिटनमधल्या सगळ्यात वाईट नव्या इमारतीचं कुप्रसिद्ध पारितोषिक, कार्बंकल कप, मिळालं. तेही नवं होतं, धीटही होतं. नवं असणं हे काही प्रशस्तिपत्र नाही. माझा आक्षेप निकषाला आहे. युनेस्कोने क्षितिजरेषा जपायची म्हटलं. क्षितिजरेषा म्हणजे नदीतून दिसणारं चित्र, म्हणजे पर्यटकाची जागा. त्या जागेवरून मैदान काय आणि मनोरा काय, दोन्ही आकृत्याच. कुठली इमारत कुणाच्या पैशातून आली, तिने कुणाला काय शब्द दिला, तिच्या आत बसणाऱ्याला उजेड मिळतो का, हे त्या बोटीतून दिसत नाही.

हा प्रश्न आपल्यापासून लांब नाही. मुंबईतलं बॅलार्ड इस्टेट बघा. अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीने भराव टाकला आणि त्यावर जॉर्ज विटेटच्या आराखड्याने 1914 ते 18 मध्ये ऑफिसचा अख्खा भाग वसवला. लिव्हरपूलमध्ये गोदी बुजवून जमीन, इथे गोदी खणून जमीन. आज तिथली एकसारखी कॉर्निस आपण फोटोत जपतो. पण त्या इमारतींत कोण खर्डेघाशी करत होतं, कुठल्या गोदी कामगाराच्या घामावर त्या कंपन्या चालल्या, यातलं आपण किती नोंदवलंय?

लायव्हर बिल्डिंगमध्ये 2019 पासून पर्यटकांना तिकीट काढून मनोऱ्यावर जाता येतं. घड्याळामागच्या खोलीतून तबकडीची मागची बाजू दिसते. वर गच्चीवर वारा प्रचंड. तिथून उत्तरेकडे बघितलं की काठाकाठाने ब्रॅमली-मूर डॉकवरचं ते नवं मैदान दिसतं. 2025 पासून तिथे सामने होतात. कुणी गेलात तर दोन्हीकडे बघा, पक्ष्यांसारखं.

वेळ संपत आली. प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेत माईक द्या कुणीतरी.